श्री. पवन यांना समक्ष हजर करण्यातून सूट मिळणेबाबत

प्रति,
मा. साहाय्य अधिकारी,
विद्यमान नवीकरणीय ऊर्जा प्रकल्प तग साहाय्य योजना (बोलण्यात 'तग कक्ष'),
दुसरा मजला, जिन्याच्या डावीकडे (भिंतीवरचा बाण उजवीकडे दाखवतो, तो चुकीचा आहे).

विषय: पवनचक्की ही पिठाची चक्की नसल्याबाबत, ती आज चालत असली तरी साहाय्याअभावी बंद पडणार असल्याबाबत, व श्री. पवन यांना कार्यालयात समक्ष हजर करण्यातून सूट मिळणेबाबत.

संदर्भ: आपल्या कार्यालयाचे "श्री. पवन, चक्कीमालक" यांच्या नावे निघालेले, खुलासा मागणारे पत्र.

महोदय,

१. उपरोक्त विषय व संदर्भास अनुसरून अर्जदार सविनय सादर करते की, ती वरच्या गल्लीमागील टेकडीवर उभ्या असलेल्या पवनचक्कीची अर्धी मालकीण आहे. उरलेले अर्धे मालक म्हणजे अर्जदाराचे यजमान. चक्की त्यांनी स्वतःच्या डोक्याने उभारली, पण त्यांना उंचीची भीती वाटते. दिवा बदलायला स्टुलावर चढायचे झाले तरी ते आधी भिंतीला हात लावून ती जागेवर आहे ना याची खात्री करून घेतात. म्हणून लग्नापासून घरात अशी वाटणी आहे, की यजमानांनी खाली उभे राहून सूचना द्यायच्या, आणि अर्जदाराने शिडी चढून वर जायचे, त्या सूचना वाऱ्यामुळे ऐकू आल्या नाहीत असे म्हणायचे आणि आपल्या मनाने काम उरकायचे. चक्की आजवर याच पद्धतीने सुरळीत चालली आहे. सदर अर्जही अर्जदारच लिहीत आहे, कारण यजमान लिहायला बसले की आधी आकृती काढतात.

२. सदर चक्कीची वीज विद्युत मंडळ विकत घेते आणि वरच्या गल्लीच्या तारांत सोडते. मोठी लाइन टेकडीला वळसा घालून पलीकडून गेल्यामुळे गल्लीला दुसरी वीज नाही. गल्लीचे पाणी वर चढवणारा पंप, दवाखान्यातला लसींचा फ्रिज, शिंपीणबाईंचे शिलाई यंत्र आणि संध्याकाळी पोरांच्या वह्यांवर पडणारा उजेड हे सर्व त्या तीन पात्यांवर अवलंबून आहे. वारा पडला तर खोलीतल्या बॅटऱ्या काही काळ गाडा ओढतात, पण त्याही शेवटी पात्यांनीच भरलेल्या असतात.

आता अडचण अशी की पात्यांच्या मागचे मुख्य बेअरिंग झिजले आहे. ते बनवणाऱ्या कारखान्याने ते बनवणे केव्हाच सोडले असून तिथे आता प्लास्टिकच्या खुर्च्या होतात. खालच्या बाजारातला लेथवाला बेअरिंगच्या जागी बसेल असे धातूचे बुश कातून द्यायला तयार आहे, पण साहाय्याचा आदेश हातात आल्याशिवाय तो धातू यंत्रावर चढवणार नाही, आणि त्याचेही बरोबर आहे. त्यालाही घरदार आहे. अर्जदाराने पदरचे घालावे म्हटले तर मंडळ नव्या चक्कीच्या विजेला जो भाव देते त्याच्या निम्मा भाव जुन्या चक्कीच्या विजेला देते. दोन्ही विजांचा झटका सारखाच बसतो, हे अर्जदार स्वानुभवाने लिहून देऊ शकते. नवी चक्की उभी करणाऱ्यापुढे शासन पायघड्या घालते आणि उभी असलेली टिकवणाऱ्याकडे ढुंकूनही पाहत नाही. मूल जन्मले की सगळे बघायला येतात, त्याला ताप आला की कोणी दार वाजवत नाही, तशातला हा प्रकार आहे.

म्हणून आपली तग योजना निघाली तेव्हा अर्जदाराला मनापासून आनंद झाला. आहे ती चक्की दुरुस्त करायला मदत आणि आहे त्या विजेला योग्य भाव, एवढे साधे तिच्यात लिहिले आहे. वाऱ्याचा हंगाम सुरू होण्याआधी बुश बसले तर चक्की तरेल. न बसले तर ती कायमची थांबवावी लागेल. या अर्जात पुढे जे काही आडवळण आहे ते सोडून फक्त एवढे वाचले तरी चालेल. परंतु आडवळण आपल्याच कार्यालयातून जात असल्याने ते लिहिणे भाग आहे.

३. अर्जदाराने विहित नमुन्यात पहिला अर्ज केला. आपल्याकडे नस्तीच्या कव्हरावर दोन चौकोन असतात, एक मालकाच्या नावाचा आणि एक व्यवसायाचा, आणि दोन्ही अंगठ्याएवढे. 'पवनचक्की' हा शब्द एका चौकोनात मावेना. आवक-जावक बाईंनी तो मधोमध तोडला आणि अर्धा वर, अर्धा खाली घातला. त्यामुळे मालकाचे नाव 'पवन' झाले, व्यवसाय 'चक्की' झाला, आणि नस्ती तग कक्षाऐवजी तळमजल्यावरच्या दळण कक्षात गेली. बाईंबद्दल अर्जदाराची काहीही तक्रार नाही. त्या दिवशी त्यांच्या टेबलावर कागदांचा एवढा ढीग होता की त्या स्वतः त्यामागे बसल्या आहेत हे अर्जदाराला आवाजावरून कळले.

४. यथावकाश दळण कक्षाचे निरीक्षक पाहणीस आले. गृहस्थ अत्यंत सज्जन, मितभाषी, काखेत नमुन्याची पिशवी आणि खिशात दाढीचा वाटावा असा ब्रश. टेकडी चढून त्यांना धाप लागली होती, म्हणून अर्जदाराने आधी पाणी दिले. पाणी पिऊन त्यांनी दगड कुठे आहेत असे विचारले. यजमानांना वाटले ते पायाच्या बांधकामाबद्दल विचारतात. यजमानांनी त्यांना पाया दाखवला, त्यातली खडी दाखवली, आणि हे दगड हलायचे नाहीत असे छातीठोकपणे सांगितले. दगड हलत नाहीत, अशी नोंद निरीक्षकांनी केली.

त्यानंतर धान्य कुठून टाकता असे त्यांनी विचारले. अर्जदाराने ही चक्की धान्याची नव्हे, वाऱ्याची, असे सांगितले. त्यावर ते बराच वेळ वर पाहत राहिले आणि म्हणाले, की पाती एवढ्या उंचावर उघड्यावर ठेवली तर पिठात पाखरांची घाण पडणार. अर्जदाराने पुन्हा सांगितले की पीठ निघतच नाही. निरीक्षकांचा चेहरा पडला. त्यांनी अर्जदाराकडे अशा नजरेने पाहिले, की धंदा बुडालेल्या बाईला आपण उगाच टोचून बोललो असेच त्यांना वाटत असावे. जाताना त्यांनी यजमानांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितले, की गहू महागल्यापासून बऱ्याच जणांवर हीच वेळ आली आहे. नस्तीवरील त्यांचा शेरा असा आहे: "चक्कीतून सध्या पीठ निघत नाही. सबब चक्की बंद आहे."

५. वरील शेऱ्याच्या आधारे अर्जदाराचा अर्ज फेटाळण्यात आला, कारण तग योजना फक्त चालू प्रकल्पांना आहे. टेकडीवर पाती गरगरत असताना, त्याच पात्यांच्या विजेवर लागलेल्या दिव्याखाली बसून अर्जदाराने आपली चक्की बंद असल्याचे पत्र वाचले. यजमान म्हणाले, पत्रात लिहिले आहे म्हणजे काहीतरी तपासूनच लिहिले असेल, आणि चप्पल घालून बाहेर बघून आले. अर्जदार मग स्वतः कार्यालयात आली. बऱ्याच खेपांनंतर नस्ती दळण कक्षातून सोडवण्यात यश आले. तळमजल्याने ती देताना पोचपावतीवर "पीठ: निरंक" असे लिहून घेतले. अखेर ती आपल्या कक्षात वर आली आणि ऊर्जा निरीक्षकांची पाहणी ठरली.

६. हे निरीक्षक पाहणीला आले त्या दिवशी नेमका वारा असा सुटला की काय सांगावे. चक्की वारा प्यालेल्या वासरासारखी उधळली होती. निरीक्षकांची टोपी गेली, ती शिंपीणबाईंना दुसऱ्या दिवशी सापडली. त्यांना यंत्रांचे चांगले ज्ञान होते आणि वागायलाही ते बरे होते. अर्जदाराने त्यांना सांगितले, की वरवर पाहू नका, वर चढून बेअरिंगला कान लावा. ते शिडीला हात घालणार, एवढ्यात यजमानांना राहवले नाही.

यजमानांचा स्वभाव अर्जदाराने येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. कोणी चक्कीकडे कौतुकाने पाहिले की त्यांच्या जिभेला हाड राहत नाही. निरीक्षक कौतुकाने पाहत होते. यजमान म्हणाले, "साहेब, माझी नातवंडं म्हातारी होतील, पण ही हलायची नाही."

निरीक्षकांनी शिडीवरचा हात काढला आणि लिहिले: "चक्की उत्तम स्थितीत चालू. मालकांच्या सांगण्यानुसार पुढील दोन पिढ्या साहाय्याची गरज नाही." अर्जदाराने डोळ्यांनी खुणावले, पदर तोंडाला लावून खोकली, शेवटी यजमानांच्या पायावर पाय दिला. यजमान म्हणाले, पाय का देतेस. हेही निरीक्षकांनी ऐकले. घरी आल्यावर अर्जदाराने यजमानांशी अबोला धरला, तो त्यांनी स्वतःहून भांडी घासायला घेईपर्यंत टिकला. त्यांनाही वाईट वाटले होते. "तिच्याबद्दल वाईट बोलायला तोंडच उघडेना गं," एवढेच ते म्हणाले, आणि अर्जदाराने उरलेली भांडी स्वतः घासायला घेतली.

७. आता नस्तीत दोन शेरे झाले. चक्की बंद आहे, म्हणून मदत मिळणार नाही. चक्की उत्तम चालते, म्हणून मदत लागणार नाही. एकाच चक्कीबद्दल असे कसे, असा प्रश्न आपल्या कक्षाला पडणे स्वाभाविक होते, आणि त्यातून संदर्भात नमूद केलेले पत्र निघाले. त्यात म्हटले आहे की, श्री. पवन हे आपली चक्की मनमानी पद्धतीने कधी चालू तर कधी बंद ठेवत असल्याचे निदर्शनास आले असून, त्यांनी ओळखीचा पुरावा व कायमच्या पत्त्यासह समक्ष हजर राहून खुलासा करावा, अन्यथा प्रकरण कायमचे बंद करण्यात येईल. हे पत्र पोस्टमनने गल्लीत दारोदार विचारत फिरवले. गल्लीत पवन कोणी नाही. शेवटी चक्की या शब्दावरून ते अर्जदाराच्या दारात पडले.

अर्जदार याबाबत नम्रपणे खुलासा करते की, श्री. पवन हे चक्कीमालक नसून वारा आहेत. त्यांचा कायमचा पत्ता नाही. हंगामात ते टेकडीच्या पश्चिम अंगाने येतात, एरवी लहर लागेल तिकडून. ओळखीचा पुरावा म्हणून अर्जदाराच्या दोरीवरून उडून गेलेले कपडे दाखवता येतील, पण तेही आता अर्जदाराकडे नाहीत. मनमानीचा आरोप मात्र पूर्णपणे खरा असून त्याबाबत अर्जदार त्यांची बाजू घेऊ इच्छित नाही. श्री. पवन यांना वाटेल तेव्हा हजर करणे अर्जदाराच्या हाती असते, तर तिला आपल्या कार्यालयाची पायरी चढावीच लागली नसती. शासनाने अर्जदाराला वाऱ्यावर सोडले असेही काही जण म्हणतात. अर्जदाराचा संसारच वाऱ्यावर असल्याने तिचे त्याबाबत काही म्हणणे नाही. फक्त सोडल्यावर निदान बेअरिंग तरी धड असावे, एवढेच.

तरीही आपल्या आदेशाचा मान राखावा म्हणून अर्जदार ठरल्या दिवशी कार्यालयात आली आणि आवक-जावक बाईंच्या परवानगीने त्यांच्या मागची खिडकी उघडली. श्री. पवन समक्ष हजर झाले. मात्र आल्या आल्या त्यांनी आवक जावकात आणि जावक आवकात मिसळून टाकली, व बाईंनी त्यांना खुलाशाची संधी न देता खिडकी लावून घेतली. ही हजेरी धरण्यात यावी. ती धरता येत नसेल तर पुढील हजेरीतून सूट द्यावी. यात अर्जदारापेक्षा आपल्या कार्यालयाचेच हित आहे.

८. त्याच दिवशी जिन्यात ऊर्जा निरीक्षक भेटले. त्यांना नवीन टोपी होती. त्यांनी चांगल्या मनाने एक तोंडी सल्ला दिला, तो असा की जुन्या चक्कीच्या नादी लागू नका. नव्या चक्कीची योजना ओसंडून वाहते आहे. आहे ती भंगारात विका, भंगारवाल्याकडून परत घ्या, आणि नवी म्हणून दाखवा. चक्कीला जागेवरून हलवायचेही कारण नाही, फक्त कागदावर एकदा मरून जन्माला यायला हवी.

योगायोगाने अर्जदाराचा धाकटा भाऊ भंगाराचाच धंदा करतो. त्याची चक्कीवर पहिल्यापासून नजर आहे, हे अर्जदार लपवत नाही. बहिणीकडे आला की आधी तो टेकडीवर जातो, मनोऱ्याला बोटाच्या पेराने टकटक करतो आणि मान हलवतो. यजमानांना ते मुळीच खपत नाही. कोणी मुलगी बघायला आल्यासारखे वाटते म्हणतात. लोखंडाचा नुसता आवाज ऐकून ते कितपत उरले आहे हे भाऊ सांगतो आणि त्याचे सहसा चुकत नाही. असा माणूस घरचाच असल्यावर दुसरीकडे कशाला जायचे, असे वाटून अर्जदाराने त्याला बोलावले. सकाळी त्याने चक्की विकत घ्यायची आणि संध्याकाळी अर्जदाराला विकायची, असे ठरले. हा प्रकार योग्य नव्हता हे अर्जदाराला कळते. परंतु सरळ रस्ता तळमजल्यावर जातो आणि वाकडा दुसऱ्या मजल्यावर, असे दिसल्यावर माणूस वाकडा रस्ता धरतो. आपल्याकडे कागद आणण्याआधी एकदा रंगीत तालीम करावी म्हणून तिघे टेकडीवर गेले. भावाने एका चिठ्ठीवर 'चक्की घेतली' असे लिहिले. यजमानांनी पाठ फिरवली आणि ते दूर झुडपाशी जाऊन उभे राहिले.

आता एकदा मालक झालो, म्हटल्यावर भावाला हुरूप आला. माल वरपर्यंत बघून घेतो, असे म्हणत तो शिडी चढला. अर्जदार त्याच्या मागून चढणार होती, पण त्याने तिला खालीच थांबवले. तो वर गेला, पात्यांमागच्या पेटीचे झाकण उघडून त्याने आत कान लावला आणि तसाच राहिला. अर्जदाराने दोनदा हाक मारली. तो उतरला तेव्हा त्याच्या तळहातावर काळपट वंगण होते आणि त्यात चमचमणारा लोखंडाचा चुरा होता. सदर चुरा कागदाच्या पुडीत घालून सोबत जोडला आहे. दळण कक्षाने तो नमुना म्हणून ठेवून घेऊ नये.

भावाने चिठ्ठी फाडली. "ताई, हे मी घेणार नाही," तो म्हणाला. "आणि आजपासून तू वर चढायचं नाहीस. जोराचा वारा आला तर पाती जागेवर राहायची नाहीत, आणि तेव्हा तू वर असलीस तर मी काय करू?"

महोदय, बेअरिंग गुरगुरते हे अर्जदाराला माहीत होते. वर जाऊन रोज ऐकतच होती. पण स्वतःच्या कानांनी ऐकणे वेगळे आणि भावाच्या तोंडून ऐकणे वेगळे. जो माणूस इतकी वर्षे त्या लोखंडाची वाट पाहत होता, तोच ते नको म्हणाला, तेव्हा अर्जदाराला रडू आले. शिडीच्या पहिल्या पायरीवर बसून ती रडली. यजमान झुडपापासून धावत आले. त्यांना वाटले चक्की विकली गेली म्हणून ती रडते आहे, आणि ते तिला समजावू लागले की संध्याकाळी परत मिळणार आहे. भावाने त्यांना बाजूला घेऊन सगळे सांगितले. वर पाती आपली फिरतच होती.

९. तरी अर्जदाराने, यजमानांच्या संमतीने, पुढीलप्रमाणे ठरवले आहे. येत्या सोमवारी सकाळी चक्कीला ब्रेक लावून पाती थांबवायची आणि बॅटऱ्यांच्या खोलीला कुलूप घालायचे. ब्रेकचा दांडा खालीच असल्याने वर चढण्याची गरज नाही. तुटून कोणाच्या घरावर पडण्यापेक्षा तिने आपल्या हाताने थांबावे, असे अर्जदाराला वाटते. नवे बुश बसले तर ती दुसऱ्याच दिवशी फिरेल. हंगामाआधी बसले नाही तर पाती उतरवावी लागतील, आणि एकदा उतरवलेली पाती पुन्हा वर चढवायला जी क्रेन लागते ती आणण्याची अर्जदाराची ऐपत नाही. म्हणजे ती पुन्हा कधीच फिरणार नाही. यजमान दोन दिवसांपासून जेवण पुढ्यात घेऊन नुसते बसतात. वरच्या गल्लीवर अंधार येईल तो येईलच, पण अर्जदाराच्या घरात तो आधीच आला आहे.

गल्लीतल्या प्रत्येकाला आधी कळवावे, म्हणून यजमान आणि अर्जदार खांब धरून तारेच्या मागोमाग घरोघर गेले. दवाखान्याच्या नर्सबाई सोमवारच्या आत लसी खालच्या दवाखान्यात हलवणार आहेत. बायकांनी मिळेल ते भांडे पाण्याने भरून ठेवायला घेतले आहे. शिंपीणबाईंनी हाताने शिवायची सुई शोधून काढली. कोणी अर्जदाराला बोल लावला नाही, उलट सर्वांनी जेवलीस का असे विचारले, त्याचेच तिला जास्त लागले.

असे करत शेवटच्या घरापाशी आल्यावर तार संपायला हवी होती, पण ती संपेना. यजमानांनी बोट वर करून ती दाखवली. ती गल्लीच्या तोंडाशी असलेल्या एका सरकारी इमारतीच्या मागच्या भिंतीवर चढते आणि दुसऱ्या मजल्यावरच्या, जिन्याच्या डावीकडील खोलीत शिरते. अर्जदाराने लाइनमनला विचारले. तो डोके खाजवत म्हणाला, की इमारत बांधताना मोठी लाइन यायला वेळ होता, म्हणून वरचा मजला तात्पुरता गल्लीच्या तारेला जोडला होता, आणि पुढे ते राहूनच गेले. कार्यालयाच्या शिपायानेही सांगितले, की साहेबांचा पंखा काही दिवशी उगाच मंदावतो आणि म्हणून त्याला सारखे तेल द्यावे लागते. पंख्याचा काहीही दोष नाही. त्या दिवशी टेकडीवर वारा कमी असतो.

थोडक्यात, आपला तग कक्ष आजवर अर्जदाराच्या चक्कीवरच तग धरून आहे.

१०. यास कृपया धमकी समजू नये. ज्या ज्या घरात तार जाते तिथे अर्जदार समक्ष जाऊन सांगून आली; आपले घर दुसऱ्या मजल्यावर असल्याने रीतीप्रमाणे अर्ज करून सांगत आहे. सोमवारी कार्यालय उघडल्यावर काही वेळाने आपल्या डोक्यावरचा पंखा हळू होईल आणि थांबेल. त्या वेळी टेकडीवर तिसरा निरीक्षक पाठवण्याचे कष्ट घेऊ नयेत. आपण मान वर करून पाहिलेत की पाहणी झाली. चक्की बंद आहे आणि तिची गरज आहे, हे दोन्ही शेरे एकाच वेळी खरे असल्याचे आपणास बसल्या जागी आढळून येईल.

तरी लेथवाल्याच्या नावाचा दुरुस्ती साहाय्याचा आदेश, व आहे त्या चक्कीच्या आहे त्या विजेला योग्य भाव, ही दोन्ही कामे आपल्या सहीने व्हावीत, अशी कळकळीची विनंती आहे. सही शक्यतो दिवा असताना करावी.

कळावे. आपल्या सहीपर्यंत जमिनीवरच राहणारी,

(सही)
अर्जदार, टेकडीवरची चक्कीवाली

(सही)
अर्जदाराचे यजमान (आकृती न काढता)

दिनांक: शुक्रवार. सोमवारच्या आत वाचला जावा, या हेतूने.

सोबत:
१) लेथवाल्याचे पत्र: "धातू बाजूला काढून ठेवला आहे. आदेश आला की लगेच लेथवर चढवतो."
२) बेअरिंगमधून निघालेला चुरा, एक पुडी.
३) वरच्या गल्लीतील सर्व घरांच्या सह्या. एक जागा रिकामी ठेवली आहे, ती आपली.
४) पुठ्ठ्याचा हातपंखा, एक. सोमवारसाठी.